पाड्यावरची एक म्हातारी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ठाऊक नाही — पण आता हे आत ठेवून चीड येते. स्वतःचीच.

मी ठाकर आदिवासी. सह्याद्रीतल्या एका पाड्यावरचा. बेंगळुरूत मारतहळ्ळीला राहतो, पोटासाठी कपड्यांच्या जाहिरातींचे फोटो काढतो. पण नाव झालंय ते दुसऱ्याच कामामुळं — आपल्या माणसांचे फोटो आपणच काढणारा, म्हणून. माईक हातात आला की मी तावातावानं बोलतो. बाहेरचे येतात, आम्हाला उघडं-वाघडं दाखवतात आणि निघून जातात, म्हणतो. टाळ्या पडतात. कशाच्या टाळ्या?

पहिल्या प्रदर्शनासाठी फोटो घेऊन बेंगळुरूतल्याच बसवनगुडीत एका गॅलरीत गेलो होतो. ती चालवणाऱ्या बाई तिथल्याच जुन्या मराठी घरातल्या, बोलण्यात कन्नड मिसळलेलं; सगळे त्यांना अक्का म्हणत. माझ्या फोटोंत माझी आय होती — ग्रामपंचायतीची सदस्य, डोळ्यांवर चष्मा, मनगटावर घड्याळ, ठरावावर सही करताना. अक्कांनी सगळे चाळले. "फोटो सरी आहेत रे, चांगले आहेत. पण ह्यात आदिवासी कुठं दिसतात? स्वल्प बघ की."

तिथंच उठायला हवं होतं. उठलो का? नाही. वर्षानुवर्षं मी अक्कांवर राग धरून बसलो — ते सोपं होतं. पण पुढचं त्यांनी केलेलं नाही. मी केलं.

पाड्यावर गेलो. आयला चष्मा उतरवायला लावला, घड्याळ काढायला लावलं. आजीचं विटलेलं लुगडं नेसायला दिलं आणि डोक्यावर लाकडांची मोळी चढवली.

"घरात सिलिंडर हाय की रं," ती म्हणाली. "मोळी कशाला?"

सरकारी कामाला असाच फोटो लागतो, असं मी सांगितलं. पंचायतीत भल्याभल्यांना कागद दाखवा म्हणणारी बाई — माझ्याकडं कागद मागितला नाही तिनं. चष्म्याविना ठेचकाळत तो उतार तीनदा उतरली. मला ऊन नीट हवं होतं ना!

एवढंच असतं तर — पण एवढंच नाही.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला तिला घेऊन आलो. मुलाचं कौतुक बघावं म्हणून? असेल. चांगली साडी नेसून, चष्मा लावून ती त्याच फोटोसमोर माझ्याशेजारी उभी होती, आणि तिला कुणी म्हणजे कुणी ओळखलं नाही. बेळ्ळंदूरच्या कुठल्याशा कंपनीतल्या एका बाईनं हिंदीत विचारलं, ही कोण? आई म्हणालो असतो तर बाईनं शेजारी पाहिलं असतं. सगळं सोंग उघडं पडलं असतं. मी म्हणालो — आय हाताच्या अंतरावर असताना — आमच्या पाड्यावरची एक म्हातारी.

तेवढं हिंदी आयला कळतं.

बाई पुढं गेल्यावर तिनं विचारलं, "ह्यो सरकारी कामाचा फोटू का?"

"हळू बोल," मी म्हणालो.

तिला. तिच्याच फोटोसमोर.

दुसऱ्या दिवशी बसपर्यंत ती गावच्या नळयोजनेविषयी बोलत राहिली. फोटोचा विषय तिनं पुन्हा काढला नाही. मीही नाही.

गेल्याच महिन्यात एका कॉलेजात मी तो फोटो पडद्यावर लावला. आमच्यासारख्याच पाड्यांवरून आलेली मुलं समोर होती. "हे बघा," मी त्यांना म्हणालो, "आपल्या माणसाकडं आपल्या नजरेनं असं बघायचं." त्यांनी वहीत लिहून घेतलं.