पलंगावरून शनी

माझ्या थोरल्या जाऊबाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली की त्या ती सोडत नाहीत, हे मला लग्नानंतर आठच दिवसांत कळलं होतं. माझा नवाकोरा स्वेटर खिळ्याला अडकून फाटला होता. त्यांनी तो रफू केला, उसवला, परत केला, परत उसवला. जेवणं गार झाली. मी म्हटलं, "ताई, एवढं कोण बघणार आहे?" त्या म्हणाल्या, "मी बघितलंय ना." झालं. तेव्हापासून मी त्यांच्याशी वाद घालणं सोडलं, असं सांगायला मला आवडलं असतं. पण खोटं कशाला बोलू, रोज घालते.

आम्ही दोघी एकाच लाँड्रीत काम करतो. दुकान खाली, वर आमच्या दोन खोल्या आणि एक गॅलरी. मी इस्त्री करते, त्या रफू करतात. कुणाच्या कोटाला कसर लागते, कुणाची पँट सिगरेटने जळते. त्या दिव्याखाली भिंग घेऊन बसतात, एकेक धागा उचलतात, आणि तासाभराने भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकालाही सांगता येत नाही. माझा नवरा ट्रक चालवतो, महिन्यातले वीस दिवस बाहेर. म्हणजे घरात आम्ही दोघी आणि त्यांचे यजमान, माझे भाऊजी.

भाऊजींनी एकतीस वर्षं मालधक्क्यावर क्रेन चालवली. सहा मजले उंच केबिनमध्ये एकटे बसायचे आणि खाली उभ्या असलेल्या मुकादमाच्या हातवाऱ्यांवर मोठमोठे कंटेनर बोटभर जागेत उतरवायचे. संध्याकाळच्या पाळीला वायरलेसवर विचारायचे, "वर एक चमकतोय, कोण आहे तो, बघा रे." म्हणून निवृत्तीला सोबत्यांनी त्यांना दुर्बीण भेट दिली. ती खोक्यातच राहिली. तीन महिन्यांत अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. वाचा तेवढी शाबूत राहिली. नेमकी तीच का राहिली, हे मला अजून कोडं आहे.

नऊ महिने ते पलंगावर पडून होते. व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून दोनदा एक बाई यायच्या, स्वभावाने चांगल्या, पण बोलायला सरळ. एक दिवस त्यांनी आम्हा तिघांसमोरच सांगितलं. पायात जोर येतोय, पण मनच उठत नाही. तक्क्याला टेकवून बसवलेलं मी मोजत नाही. पाय खाली सोडून, स्वतःच्या बळावर, बिनआधाराचं बसता आलं पाहिजे. महिना-दीड महिन्यात ते जमलं नाही तर पुढे सगळं कठीण आहे, मग हा पलंगच कायमचा.

भाऊजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "उठून बघू काय? समोरच्या बिल्डिंगची टाकी?"

बाई गेल्या. जाऊबाई बराच वेळ त्या टाकीकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी माळ्यावरून खोकं काढलं.

खोक्यात एक लांब पांढरी नळी, एक लटपटती तिपाई, डोळा लावायच्या तीन भिंगनळ्या, एक कमी शक्तीची, एक मधली, एक जोराची. शिवाय दिसणारा आकार दुप्पट करणारी आणखी एक नळी, मान वाकडी न करता बघता यावं म्हणून एक आरशाचा तुकडा, आणि पाठीवर बसवायची एक छोटी शोधक दुर्बीण. खोक्यावर शनीचं झगझगीत चित्र होतं, भोवती हे एवढं कडं. भाऊजींनी पलंगावरून ते बघितलं आणि त्यांच्या अंगात वारं शिरलं.

"ते कडं-बिडं चित्रकार काढतात. खरा बघाल तर नुसता ठिपका. एकतीस वर्षं आकाशाखाली बसलोय मी, मला कोण शिकवणार?"

"पैज लावता?" जाऊबाई म्हणाल्या.

"लावली."

"मग उठून बघावं लागेल. झोपून नाही दिसत."

"आधी तू शनी आण तर खरी."

मी मध्ये तोंड घातलं. "या घराला लागलाय तो शनी पुरे नाही का, आणखी एक आणताय?" कुणी हसलं नाही. माझ्या विनोदांना आमच्या घरात हीच किंमत आहे.

जाऊबाईंनी सोबतचं माहितीपत्रक रफूच्या भिंगाखाली धरून तीनदा वाचलं. दिवसाउजेडी गॅलरीत तिपाई मांडली. मोठ्या नळीत समोरच्या टाकीची लोखंडी शिडी आणली आणि छोट्या दुर्बिणीचे स्क्रू फिरवत बसल्या, दोन्हींत शिडीची तीच पायरी दिसेपर्यंत. आरशामुळे डावं ते उजवं दिसायचं. मी नळी हलवली की शिडी भलतीकडेच पळायची आणि माझं डोकं फिरायचं. त्यांना काहीच वाटलं नाही. जन्मभर कापडाच्या उलट्या बाजूने काम केलेली बाई, तिला उलटं काय नि सुलटं काय.

शनी कोणता, हे मात्र आठवडाभर कळेना. एकदा त्यांनी कसल्याशा टॉवरचा दिवा पकडला. एकदा मी "सापडला, सापडला" म्हणून नाचले आणि ते विमान निघालं. पत्रकात लिहिलं होतं की लुकलुकतो तो तारा आणि ठाम उभा राहतो तो ग्रह. एका संध्याकाळी टाकीच्या वर एक पिवळसर ठिपका ठाम उभा दिसला. त्यांनी नळी लावली, बघितलं, आणि मला पुढे केलं. मी बघितलं ते मात्र घरात सांगितलं नाही. पैज होती ना.

आता हिशोब असा. भाऊजींच्या पलंगासमोरच्या खिडकीतून टाकी आणि चौकट यांच्यामध्ये जेमतेम हातभर आकाश दिसतं. त्या हातभर जागेत शनी साडेसातच्या सुमारास यायचा आणि साडेआठला वर निघून जायचा. आणि रोज चार मिनिटं आधी यायचा. जाऊबाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "तीन आठवडे. नंतर उजेडातच येऊन जाईल."

पहिल्या संध्याकाळी त्यांनी तिपाई पलंगाला चिकटवून मांडली, खिडकी सताड उघडली, दिवे घालवले. आणि इथे त्यांची चूक झाली. त्यांच्या धंद्यात भिंग जेवढं जोराचं तेवढं काम चोख. म्हणून त्यांनी सगळ्यात जोराची भिंगनळी घातली, वर ती दुप्पट करणारीही जोडली. शनी मोठा दिसला, जरा धुरकट, पण मोठा. त्या समाधानाने बाजूला झाल्या. "या."

भाऊजी उजव्या कुशीवर वळले. कोपर रोवलं, पलंगाची कड धरली, लाल झाले, शिव्या घातल्या. चांगली दोन मिनिटं गेली. कसेबसे वर आले आणि डोळा लावला.

"काळं आहे सगळं."

जाऊबाईंनी बघितलं. खरंच काही नव्हतं. त्यांनी शनी परत आणेपर्यंत भाऊजी आडवे झाले होते. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी भाऊजी वर आले, काळं बघितलं, आणि धाडकन मागे पडले. डोकं पलंगाच्या दांडीवर आपटलं. "माझी थट्टा मांडलीय दोघींनी," ते म्हणाले. त्यानंतर दोन दिवस त्यांनी कूससुद्धा बदलली नाही. व्यायामाच्या बाईंनाही परत पाठवलं.

मला राग आला, आणि तो मी जाऊबाईंवर काढला. "बस झालं आता. आजारी माणसाला किती छळायचं? नसेल उठायचं त्यांना, नसेल. तुम्हाला हौस आहे तर तुम्ही बघत बसा."

त्या गॅलरीत दुर्बिणीशी बसल्या होत्या. रडल्या होत्या, हे दिसत होतं. मला म्हणाल्या, "ओरडून झालं असेल तर घड्याळ घेऊन ये."

मी घड्याळ आणलं. त्या शनी मधोमध लावायच्या, हात काढून घ्यायच्या आणि तो कधी बाहेर जातो ते सांगायच्या. मी मिनिटं-सेकंद बघायची. शनी पळत नाही, आपली पृथ्वी फिरते, पण नळीतून बघणाऱ्याला तो पळतो. जोराच्या जोडणीत अर्ध्या मिनिटात गायब. मधल्या भिंगनळीत जवळपास तीन मिनिटं. कमी शक्तीच्या नळीत सहा-सात, पण मग तो एवढासा. त्यांनी मधली नळी हातात घेतली.

"मोठं दिसायच्या हट्टापायी मी त्यांना तीनदा पाडलं," त्या म्हणाल्या. "ते दोन मिनिटांत उठत होते गं. मीच त्यांना अर्धं मिनिट दिलं होतं."

आत जाऊन त्यांनी भाऊजींच्या पाठीला हे जसंच्या तसं सांगितलं. तुम्ही कमी पडला नाहीत, माझं चुकलं. त्यांच्या छत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य या घरात कुणी कुणाला बोललेलं मी तरी ऐकलं नव्हतं.  भाऊजी भिंतीलाच विचारल्यासारखं म्हणाले, "आता किती वेळ मिळेल?"

"तीन मिनिटं. तुम्हाला दोन लागतात."

"दोन कोण म्हणतं?"

"मी मोजलंय."

मग आकाश भरून आलं. एक नाही, दोन नाही, आठ दिवस ढग. जाऊबाई रोज सातला खिडकीशी उभ्या राहायच्या आणि आठला जेवायला बसायच्या. मी कॅलेंडरकडे बघायचं टाळत होते. पण एका दुपारी हँगर न्यायला वर आले तर आतून पलंग करकरत होता. फटीतून बघितलं. भाऊजी कोपरावर उठत होते, पडत होते, आपल्या डाव्या हाताला नको नको ते बोलत होते, आणि परत उठत होते. मी हँगर न घेताच खाली गेले. जाऊबाईंना सांगितलं नाही. त्यांना ठाऊक होतं, असं मला आता वाटतं, कारण त्या आठवड्यात दुपारी त्या एकदाही वर गेल्या नाहीत.

नवव्या दिवशी आकाश मोकळं झालं. अंधार पडतो न पडतो तोच शनी टाकीच्या वर. जाऊबाईंनी मधली नळी घातली. या वेळी त्यांनी शनी मधोमध नाही ठेवला. कडेच्या जरासा बाहेर ठेवला, म्हणजे तो आपणहून आत सरकेल आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत दुप्पट वेळ मिळेल. मग भाऊजींच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि हात वर केला, मालधक्क्यावरचा मुकादम करायचा तसा. उचल.

भाऊजींनी एक पाय खाली सोडला. उजव्या हाताने दुसरा ढकलला. कोपर, मग तळवा, मग पाठ. मी मागून दोन्ही हात पसरून उभी राहिले. जाऊबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हात खाली." मी हात खाली घेतले. 

ते बसले. तक्क्या नाही, उशी नाही, पाठीला कुणी नाही. थरथरत पुढे वाकले आणि डोळा लावला.

"काळं आहे."

"थांबा. येतोय."

"येतोय म्हणे. कुठून, गावाहून?"

"बोलू नका, नळी हलते."

ते गप्प झाले. आणि मग इतका वेळ गप्प राहिले की मला भीती वाटायला लागली. झटका आल्यापासून हा माणूस झोपेतसुद्धा एवढा गप्प नव्हता.

"कडं आहे," ते शेवटी म्हणाले.  मग जरा वेळाने म्हणाले, "कुठेच टेकलेलं नाही. चहूबाजूंनी सुटं आहे. दोर नाही, आकडा नाही, एवढं ओझं कशावर धरलंय?"

 जाऊबाई भाऊजींच्या पाठीकडे बघत होत्या. मी घड्याळाकडे बघितलं. पाच मिनिटं होत आली होती आणि पाठ तशीच उभी होती. मला हुंदका आला, तो मी खोकल्यावर निभावून नेला.

"गेला," भाऊजी म्हणाले. "परत लाव."

जाऊबाईंनी तिपाई उचलली. पण नळी फिरवायच्या ऐवजी दोन पावलं मागे सरकल्या आणि ती खिडकीपाशी ठेवली. तिच्या शेजारी खुर्ची ओढली. मग वाकून शनी शोधायला लागल्या.

"तिकडे कुठे नेतेस? इथून कसा दिसेल मला?"

"तिथून नाहीच दिसणार."

"मग?"

"मग खुर्ची इथे आहे."

भाऊजींनी खुर्चीकडे बघितलं. मग मधल्या दोन पावलांच्या फरशीकडे. मग माझ्याकडे, जणू ही बाई मीच त्यांच्या गळ्यात बांधली होती. मला वाटलं, आता शिव्या येणार, आणि पाठोपाठ ते आडवे होणार. उजवा हात पलंगाच्या दांडीवर गेला आणि तिथेच घट्ट झाला.

"बघत काय राहिलीस?" ते मला म्हणाले. "माझ्या चपला दे."

नऊ महिन्यांत त्यांना चपला लागल्या नव्हत्या. त्या पलंगाखाली पार भिंतीशी गेल्या होत्या, वर धुळीचा थर. मी पोटावर झोपून हात लांब केला, त्या बाहेर ओढल्या, तळहाताने पुसल्या आणि त्यांच्या पायांशी ठेवल्या, आधी डावी.