काळा पडदा आणि टेकडीची बस

गिस्लेन वेलेट जन्मापासून आंधळी आणि जिभेने तेवढीच तिखट. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या एका जुन्या गिरणगावात ती टेकडीवरच्या इस्पितळात बसून डॉक्टरांनी बोललेल्या नोंदी ऐकून टाइप करायची. तिचा बोलका कॉम्प्युटर इतका भरभर बोले, की शेजारी बसणाऱ्यांना लाह्या फुटल्यासारखं वाटे. तिला त्यातला स्वल्पविरामही ऐकू यायचा.

यंदा टेकडीवरची संध्याकाळची बस बंद करायचं नगरपालिकेच्या डोक्यात आलं. बस गेली की गिस्लेनची संध्याकाळची पाळी गेली, म्हणजे नोकरीच गेली. रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. अंधांच्या मंडळातल्या सगळ्यांकडून फोनवर तिने प्रवासाच्या नोंदी मागवल्या आणि डोळसांना चित्राशिवाय पटत नाही म्हणून कॉम्प्युटरकडून आलेखही काढून घेतले.

"चित्रं? तू?" मंडळातला आर्मां हसला. तोही आंधळाच. "माझंही एक काढ की. केस जरा दाट दाखव."

"खोटे आकडे मी घालत नाही," ती म्हणाली.

नगरपालिकेच्या सभेत तिने लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि ती बोलायला लागली. एकेक आलेख ठणकावून समजावला. पुढच्या रांगेत मंडळाची माणसं माना डोलावत होती. नगरसेवक एकमेकांकडे बघत होते. बऱ्याच वेळाने अध्यक्ष पेल्कीबाई घसा खाकरून म्हणाल्या, "गिस्लेन, पडद्यावर काहीच दिसत नाहीये गं."

"मला तर सुरुवातीपासूनच दिसत नव्हतं!" आर्मां ओरडला.

सभागृह खदखदून हसलं, गिस्लेन सगळ्यांत मोठ्याने. लॅपटॉपचा पडदा ती कायम काळाच ठेवायची. तिला त्याचा उपयोग काय? भिंतीवरही तोच अंधार उमटला होता. तिने दोन बटणं दाबली, आलेख उजळले.

"मग आधी का नाही बोललात?" तिने विचारलं.

"तुला वाईट वाटेल म्हणून..." पेल्कीबाई म्हणाल्या.

गिस्लेनचं हसू मावळलं. आता तिला खरा राग आला. "बससुद्धा वाईट वाटेल म्हणून देऊ नका. आकडे बघा आणि भांडा माझ्याशी."

मग मागून डुबे नावाचे नगरसेवक गुरगुरले, "उन्हाळ्यात तुमची बस अर्धी रिकामी असते, बाई."

"असते. उन्हाळ्यात छोटी गाडी सोडा. पण बर्फात आम्हाला रस्त्यावर सोडू नका."

वाद चांगलाच रंगला. शेवटी मतदान झालं आणि बस वाचली. विरोधात एकच हात, डुबेंचा. मंडळी मिठ्या मारायला धावली, पण गिस्लेन काठी टेकत आधी डुबेंच्या आवाजाकडे गेली आणि "भांडलात, बरं केलंत," म्हणत तिने त्यांचा हात हातात घेऊन घट्ट दाबला.