मे महिन्यातला बर्फ

बर्फावर घसरायला कॅनडाला जायचं ठरतंय, असं मी घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्यांनी विचारलं, की घसरायचंच असेल तर एवढ्या लांब कशाला, आपल्या मोरीत काय कमी शेवाळ आहे? नवरा हसला. मी चिडले. माझं तसंच आहे, आधी चिडायचं आणि मग समजून घ्यायचं.

त्यांचंही काही चुकलं नव्हतं. फैजपूरजवळ आमची केळीची शेती. केळीवाल्याच्या घरात थंडीचं नाव कौतुकाने कोणी घेत नाही. पारा उतरला की पानांवर चरका पडतो, बाहेर पडायला आलेले घड आतच अडकून राहतात, आणि मग बांधाबांधाने ओलसर पाचोळा पेटवून बागेत धूर धरावा लागतो. ज्या थंडीला आम्ही जन्मभर हाकलत आलो, तिच्याच घरी आपण होऊन पाहुणी म्हणून जायचं, हे पचायला वेळ लागणारच.

बोलावणारी होती माझी मैत्रीण. जळगावला कॉलेजच्या होस्टेलमध्ये आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. मी जामनेरची, एक धुळ्याची आणि एक पारोळ्याची. धुळ्याची धुळ्यातच राहिली, तिथल्या ज्युनिअर कॉलेजात शिकवते. मी लग्न होऊन केळीत आले. पारोळ्याची नवऱ्याबरोबर कॅनडाला गेली, टोरांटोपासून दोनेक तासांवरच्या एका लहान गावात. त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. तिच्या सासरचे झाडून सगळे तिकडे जाऊन, महिना महिना राहून आले. माहेरचं मात्र एकही माणूस तिच्या दारात गेलं नाही. वडिलांना विमानाची धास्ती, आईचं दुखणं, भाऊ सुरतेला दुकानात बांधलेला. पुढे आईवडील दोघंही गेले आणि पारोळ्याच्या घराला कुलूप लागलं. तेव्हापासून ती इकडे आली की माझ्याकडे उतरते, नाहीतर धुळ्याला. परत जाताना दर वेळी म्हणते, आता तुम्ही या. आम्ही हो म्हणतो, आणि मग काहीतरी निघतंच. कुणाचं लग्न, कुणाची दहावी, कुणाचं बाळंतपण.

गेल्या डिसेंबरात ती आली तेव्हा शेतात भरिताची पार्टी केली. धुळ्याची मुद्दाम रजा टाकून आली. हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून झाली होती आणि आम्ही तिघी धुरात डोळे पुसत त्यांची सालं काढत होतो. या खेपेला तिने नुसतं 'या' म्हटलं नाही. फोन काढून एक व्हिडिओ दाखवला. पांढऱ्याशुभ्र उतारावरून एक जाडजूड कोटातली बाई पायाला पट्ट्या बांधून सरसर खाली येते, शेवटी धपकन पडते आणि हसत उठते. ती बाई म्हणजे हीच. म्हणाली, हे स्कीइंग मीही चाळिशीनंतर शिकले, घराजवळच टेकडी आहे, तुम्ही फक्त या, पडायचं कसं ते मी शिकवते.

शाळेतली घसरगुंडी सोडली तर आम्ही दोघी आयुष्यात कशावरून घसरलो नव्हतो. पण त्या व्हिडिओने काय जादू केली कोण जाणे, धुळ्याची चटकन म्हणाली, चल, जाऊच. ती इतकी सावध बाई, रिक्षात बसतानासुद्धा दोनदा विचार करते. ती जाते म्हटल्यावर मी कशी मागे राहीन?

तारीख मी ठरवली, कारण आमच्यात तारखा मीच ठरवते. मे महिना. कॉलेजला सुट्टी, केळीला ठिबकचं पाणी, आणि थंड हवेच्या ठिकाणी माणूस मे महिन्यातच जातो. जळगावात डांबर चपलेला चिकटायला लागलं की लोक तोरणमाळ गाठतात, महाबळेश्वर गाठतात. थंडीच्या दिवसांत थंडीकडे जाणारा खान्देशात अजून जन्माला यायचा आहे. पारोळ्याची मान खाली घालून वांगं सोलत होती. वर न बघताच म्हणाली, मे तर मे.

तयारी आम्ही मनापासून केली, पासपोर्ट-व्हिसासकट. मार्चअखेरीस कुरियरने गरम कपडे आले. ते घालून आरशासमोर उभी राहिले आणि पंखा पाचवर असताना घामाने भिजून बाहेर पडले. पारोळ्याची व्हिडिओ कॉलवरून धडे द्यायची. पायांचे चवडे जवळ, टाचा लांब, गुडघे वाकलेले, अंग पुढे. केळीला टेकू द्यायचे दोन बांबू हातात घेऊन मी बांधाच्या उतारावर सराव करायचे. निंदणीच्या बाया खुरपी टाकून हसत बसायच्या. सासरे, म्हणजे आमचे आबा, खाटेवरून बघत असायचे. त्यांनी एवढंच सांगितलं, की पडलीस तरी चालेल, बांबू मोडू नको.

मग जाकिटांची परीक्षा घ्यायचं माझ्या डोक्यात आलं. धुळ्याच्या मैत्रिणीला बोलावून घेतलं आणि सावद्याजवळ ओळखीच्या एका केळीच्या शीतगृहात आम्ही दोघी शिरलो. बाहेर ऊन रणरणत होतं, आत केळीला सोसेल एवढाच गारवा. केळी फार गारठली तर काळी पडतात, म्हणून त्यांच्या शीतगृहात माणसाला हुडहुडी भरेल अशी थंडी कधी नसतेच. केळीच्या खोक्यांच्या मधोमध टोप्या, हातमोजे, मफलर असा सगळा साज चढवून उभ्या राहिलो आणि धुळ्याच्या बाईंनी निकाल दिला, की कॅनडाच्या थंडीचा लोक उगीच बाऊ करतात. तसाच फोटो काढून पारोळ्याच्या बाईला पाठवला. तिने हसरे चेहरे पाठवले. बऱ्याच वेळाने आणखी दोन शब्द आले, 'लवकर या.'

आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आठवड्यावर आली होती. तिकिटं सणाच्या मुहूर्तावर काढायची, म्हणून तारखा पक्क्या करायला मी पहाटेच तिला फोन लावला. तिच्याकडे संध्याकाळ, पण अजून लख्ख ऊन. ती अंगणात होती, अर्ध्या बाह्यांचा कुडता, पायात साध्या चपला, हाताला माती. रोपं लावत होती. मागे हिरवंगार गवत पसरलेलं.

मी विचारलं, बर्फ कुठे आहे?

वितळला, ती म्हणाली.

मे महिन्यात पुन्हा पडेल ना, असं मी विचारलं तेव्हा तिने हाताची माती झटकली. मग हळूच म्हणाली, की टेकडी मार्च संपतानाच बंद होते, आता डिसेंबरपर्यंत काही नाही.

मग काय, माझा पट्टा सुटला. डिसेंबरात भरीत खाताना हे तोंडातून का निघालं नाही? चार महिने मी बांधावरून घसरते आहे, बायांच्या हसण्याचा विषय झाले आहे, शीतगृहात जाऊन केळीच्या खोक्यांबरोबर फोटो काढले आहेत, आणि तू तिकडून हसरे चेहरे पाठवतेस? वीस वर्षांत तिचं बोलणं शहरी झालं आहे, पण जीव कळवळला की ती सरळ पारोळ्याच्या अहिराणीवर येते.

"'या' सांगी सांगी मनं तोंड दुखनं," ती म्हणाली. "मना घर माहेरनं कोनीच उनं नही. एक दाव तुमी उन्यात म्हंजे झायं, बरफ ऱ्हावो का ना ऱ्हावो."

माहेरचं कोणी आलं नाही, एकदा तुम्ही आलात म्हणजे झालं, असं तिने म्हटलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. नुसतं घरी बोलावून आम्ही येत नाही, हे तिला पाठ झालं होतं. म्हणून तिने बर्फ पुढे केला. आणि आम्ही मे म्हटलं तेव्हा तिने तारीख दुरुस्त केली नाही, कारण एकदा तारीख हलली की हा बेतही आधीच्या सगळ्या बेतांच्या वाटेने जाणार, ही तिला भीती. ताकाला जाऊन भांडं लपवलं होतं बाईने. मी फोन ठेवून दिला आणि विहिरीच्या मोटारीवर जाऊन तोंड धुतलं.

धुळ्याची शांत डोक्याची. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, मे महिन्यात गेलो तर ती दहा दिवस आपली माफीच मागत बसेल. आपण खऱ्या थंडीतच जाऊ, तिच्या घरीही राहू आणि पडूही. तिच्या कॉलेजातल्या प्रॅक्टिकल परीक्षा सुरू व्हायच्या आत, जानेवारीच्या सुरुवातीला, रजेचं ती बघणार होती. अडचण माझीच होती. जानेवारी म्हणजे आमच्या बागेचा नाजूक महिना. नवऱ्याला दमा, धूर त्याला सोसत नाही. आबांचं वय झालं. बागेतला धूर गेली कित्येक वर्षं मीच सांभाळते. मी गेले तर मागे कोण? वर्षभराचं पीक सोडून घसरायला गेली, असं गावाने म्हटलं असतं तर मीही त्यांच्यात सामील झाले असते. म्हणून मी तिला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. पारोळ्याच्या बाईला तर फोनच केला नाही.

तेवढ्यात आखाजी आली. आमच्याकडे या सणाला लेकी माहेरी येतात, आणि त्यांना आणायला माहेरचा माणूस मुराळी म्हणून जातो. नवरा सकाळीच बहिणीला आणायला चोपड्याला गेला. दुपारी नणंदबाई आल्या, लिंबाला दोर बांधून झोका झाला, आमरस झाला, पुरणाचे मांडे झाले. जेवताना नवऱ्याने बहिणीची चेष्टा चालवली. येण्याची वेळ त्याने फोनवर नीट सांगितली होती, तरी ही पन्नाशीची बाई सकाळपासून दारात उभी होती म्हणे. त्यावर नणंदबाई म्हणाल्या, की वेळ माहीत असली म्हणून काय झालं, मुराळ्याची वाट दारातूनच बघायची असते, तू बाईमाणूस असतास तर तुला कळलं असतं.

सगळे हसले आणि मला एकदम रडू आलं. वाढता वाढता मी सगळं सांगून टाकलं. मे महिना, वितळलेला बर्फ, वीस वर्षांचं ते दार. माझ्या रडण्याची त्या घराला सवय नाही, आरडाओरड्याची आहे. आबांनी ताटातला हात थांबवला.

"पोरीच्या दारात माहेरचं मानूस गेलं पाह्यजे," ते म्हणाले. "तू जाय. थंडी दरसाल येते, केयी आमी सांभायतो."

केळी सांभाळणारे 'आमी' म्हणजे कोण, हे मी विचारणार तोच नणंदबाई बोलल्या. जानेवारीत त्या स्वतः येऊन राहणार. लग्नाआधी या बागेत धूर धरायचं काम त्यांचंच होतं, आणि माझ्या हाताखाली बाग बिघडली आहे असं त्यांचं जुनं मत आहे, ते त्यांनी या निमित्ताने पुन्हा ऐकवलं. सासूबाईंनी विषय संपवला. त्या मैत्रिणीसाठी कुरडया किती न्यायच्या, ते मी आत्ताच सांगावं, म्हणजे करायला बऱ्या.

मी फार देवभोळी नाही, पण त्या जेवणाला मी मनातून हात जोडले. सणाचं वाढून घ्यायला माहेरी आलेली लेक, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिनेच आपला जानेवारी माझ्या मैत्रिणीला देऊन टाकला होता. आणि आबांनी उभ्या जन्मात पाहिलं नसेल अशा गावातल्या बाईला 'पोर' म्हटलं होतं. पारोळ्याच्या बाईचा तर मी रागसुद्धा पुन्हा कधी करणार नाही. तिने खोट्या बर्फाचं आमिष दाखवलं नसतं तर आम्ही अजून शंभर लग्नं आणि दहाव्या पार पाडत बसलो असतो.

संध्याकाळी धुळ्याच्या बाईला जोडून घेऊन मी कॅनडाला फोन लावला. जानेवारीत येतो म्हणून सांगितलं, बर्फाच्या वेळी, दोघीही, नक्की. ती एकदम कामाला लागली. विमानतळावर मी गाडी घेऊन येते, गाडीत रजया ठेवते, थर्मासमध्ये चहा ठेवते, तुम्ही बाहेर पडायचंच नाही, मी आत येते. तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मी तिला आबांची अट सांगितली. जेवून उठताना त्यांनी मला पुन्हा बोलावून ती घातली होती. तिने विमानतळावर यायचं नाही. मुराळ्याला आणायला कोणी वेशीपर्यंत जात नसतं, तो आपला आपण दाराशी येतो. आम्ही टॅक्सी करून येऊ.

ती भांडली. रस्त्यावर बर्फ असतो, घर सापडणार नाही, तुम्हाला कल्पना नाही किती थंडी असते. धुळ्याची म्हणाली, की आम्ही शीतगृहात परीक्षा दिलेली आहे. त्यावर ती हसली नाही.

"मंग मी सकायपाईन दारमा उभी ऱ्हासू," ती म्हणाली.