माझ्याच विद्यार्थिनीच्या वर्गात

एमबीएच्या अभ्यासक्रमात पायथन आलं तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त मी हसलो होतो. व्यवस्थापनाच्या पोरांना संगणकाची भाषा कशाला, असं माझं म्हणणं. जालन्याच्या या कॉलेजात मी वीसेक वर्षं अकाउंट्स शिकवत होतो. खडू हातात घेतला की नोट्सची गरज पडायची नाही. नव्या विषयाचं नाव होतं 'व्यवसायासाठी डेटा विश्लेषण', आणि प्राचार्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, "कोण घेणार?" तेव्हा मीच म्हणालो, "तासिका तत्त्वावर घ्या कुणालातरी. आजकाल असली पोरं ढिगानं मिळतात."

म्हणजे तिला मीच बोलावून घेतलं म्हणा ना.

ती आली ती अंबडच्या एसटीनं. पाठीवर सॅक, पायात साध्या चपला. स्टाफरूमच्या दारातून सरळ माझ्या टेबलाशी आली आणि वाकून पाया पडली.

"सर, ओळखलं का? मी बी.कॉम.ला तुमच्याकडंच होते."

"हो हो, ओळखलं की," मी म्हणालो. बिलकुल ओळखलं नव्हतं. कोणत्या बाकावर बसायची, कधी काही विचारायची का, काहीच आठवेना. चांगली मुलं माझ्या लक्षात राहतात, अशी माझी एक समजूत होती. त्या हिशेबानं ती चांगल्यातली नसावी, असं मी त्याच मिनिटाला मनाशी ठरवून टाकलं.

तिला हाक काय मारायची हाही एक घोळच होता. अगं म्हणावं तर पोरांसमोर ती शिक्षिका. मॅडम म्हणावं तर जीभ वळत नव्हती. पहिला आठवडाभर मी "हे बघा" नाहीतर "ऐकलं का" असं करून निभावलं.

मग प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सर, ही पोरगी एका वर्षापुरतीच. पुढच्या वर्षी राहील, न्हाई राहील, काय भरवसा? विषय कायमच्या माणसाच्या हातात पाहिजे. तुम्ही तिच्या तासाला बसा आणि शिकून घ्या."

"मी? पोरांसोबत?"

"त्यात काय झालं?"

त्यात काय झालं हे त्यांना सांगता येण्यासारखं नव्हतं. मी लॅबमध्ये जाऊन बसलो, खिडकीजवळच्या शेवटच्या संगणकावर. मागं वळून पोरं हसली. शेजारी परतूर तालुक्यातल्या आष्टीचा एक पोरगा होता. त्यानं आदरानं खुर्ची पुढं ओढून दिली आणि माझा संगणकही चालू करून दिला. तो चालू करायचं बटण मला सापडत नव्हतं, हे त्यानं कुणाला कळू दिलं नाही.

त्या दिवशी ती फॉर-लूप शिकवत होती. एकच काम पुन्हा पुन्हा करायचं असेल तर संगणकाला ते कसं सांगायचं, एवढाच मुद्दा. तिनं फळ्यावर ओळी लिहिल्या, त्या मी जशाच्या तशा टाइप केल्या आणि लाल अक्षरात चूक आली. पुन्हा तपासलं. एकही अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. आजूबाजूच्या अर्ध्या पोरांचंही तेच झालं होतं. मला बरं वाटलं. शिकवता येत नाही हिला, असं वाटून घेतलं.

ती फळ्याकडं गेली आणि म्हणाली, "बी.कॉम.ला सरांनी रोजकिर्दीची नोंद कशी शिकवली, आठवा. नावे बाजूचं खातं वरच्या ओळीत. जमा बाजूचं खाली, थोडं आत सरकवून. सर काय म्हणायचे? आत सरकवलं न्हाई तर कोण कुणाचं, ते कळत न्हाई. पायथनमध्ये बराबर तेच. कोणती ओळ कोणाच्या पोटातली, ते मोकळ्या जागेवरून कळतं."

लॅबभर "अच्छा!" झालं. सगळ्यांनी दुसरी ओळ आत सरकवली. मीही सरकवली. माझ्या पडद्यावर आकडे एकाखाली एक उतरत गेले.

तिनं माझा दाखला दिला, माझं वाक्य शब्दाला शब्द आठवून सांगितलं. दुसरा कुणी असता तर भरून पावला असता. मला मात्र आतून कुणीतरी चिमटा काढल्यासारखं झालं. ते वाक्य मी इतकी वर्षं म्हणत आलो होतो आणि त्यावर कधी "अच्छा!" ऐकू आलं नव्हतं. पोरं मान खाली घालून लिहून घ्यायची. तेच वाक्य तिच्या तोंडून निघालं आणि लॅब उजळली.

तिथून मला हे दुखणंच लागलं. तिच्या तासानंतर पोरं तिच्याभोवती घोळका करायची. तिचा डबा उघडाच राहायचा. मी स्टाफरूमच्या दारातून बघायचो. माझ्याभोवती घोळका व्हायचा तो फक्त अंतर्गत गुणांच्या आठवड्यात. एकदा मी उगीचच तिच्या टेबलापाशी जाऊन म्हणालो, "जेवून घ्या मॅडम, पोरं काय, उद्याही विचारतील." पोरं लगेच पांगली. तिनं हसून डबा पुढं केला. शेंगदाण्याची चटणी होती. मी घेतली नाही.

घरी बायकोला रोज सांगायचो. आज मॅडमनी हे केलं, आज मॅडमनी ते केलं, आज चक्क मोबाइलवर गाणं लावून पोरांना उदाहरण दिलं. बायको राजूरचीच, माझ्याच गावची, बोलण्यात कुणाला हार जाणारी नाही. भाकरी थापता थापता एक दिवस म्हणाली, "दुसऱ्या बाईचं नाव नवरा रोज घेऊन राह्यला असता तर मी भांडले असते. पण तुमचं निराळंच आहे."

"काय निराळं?"

"तुम्ही जळून राह्यलात."

"लेकराएवढ्या पोरीवर मी कशाला जळू?"

"मंग आज काय केलं तिनं ते सांगू नका," ती म्हणाली आणि भाकरी उलटवली. जेवण होईपर्यंत सांगण्यासारखं दुसरं काही सुचलं नाही.

मी शिकत मात्र होतो, हे खरं. जिद्दीनं शिकत होतो. तिच्या तोडीचं यावं एवढ्याचसाठी. सकाळी तास सुरू व्हायच्या आत लॅब उघडून घ्यायचो आणि आदल्या दिवशीचं सगळं पुन्हा टाइप करायचो. पांडाज म्हणून एक लायब्ररी असते. म्हणजे पुस्तकांची नव्हे, दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेल्या आज्ञांची. तिच्यात हजारो ओळींची फाइल एका आज्ञेत उघडते. पहिल्यांदा ती माझ्या हातून उघडली तेव्हा लहान पोरासारखा आनंद झाला. तो सांगावा असं एकच माणूस कॉलेजात होतं आणि नेमकं तिलाच मला सांगायचं नव्हतं.

दिवाळीनंतर तिनं पोरांना प्रकल्प दिला. तयार डेटा नको, आपला आपण गोळा करा, असं तिचं म्हणणं. वर्गातली निम्मी पोरं बाहेरगावची, एसटीनं येणारी. तेव्हा विषय ठरला तो एसटीचा. आष्टी, राजूर, अंबडकडच्या गाड्या रोज किती उशिरा येतात आणि त्याचा तासांच्या हजेरीवर काय परिणाम होतो. हा विषय मला मनापासून आवडला. माझा तास सकाळचा पहिला. तो अर्धा रिकामा असतो आणि त्याला कारण एसटी, हे मी प्राचार्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. आता ते पोरंच सिद्ध करणार होती.

पोरांनी दीड-दोन महिने नोंदी केल्या. मीही लक्ष घालू लागलो. एक दिवस फाइल चाळताना राजूरच्या गाडीचा एक आकडा भलताच मोठा दिसला. माझी छाती फुगली. आमच्या गावचा गणपती. त्या दिवशी अंगारकी चतुर्थी होती, गाड्या दर्शनाच्या गर्दीनं भरून गेल्या होत्या, उशीर होणारच. हे तिला कुठून कळणार? मी सगळ्यांसमोर उठून म्हणालो, "मॅडम, हा आकडा फसवा आहे. त्या दिवशी अंगारकी होती."

"हो सर," ती म्हणाली, "म्हणून चतुर्थीचा वेगळा कॉलम केलाय. उजवीकडं सरकवा."

मी सरकवला. होता.

प्रकल्पाचं सादरीकरण लॅबमध्येच ठेवलं होतं. प्राचार्य आले नाहीत, ते एक बरं झालं. आष्टीचा पोरगा पडद्यासमोर उभा राहिला. आधी गाड्यांच्या उशिराचे आलेख दाखवले. मग म्हणाला, "आता हजेरी विषयवार बघू." ग्रुपबाय नावाची आज्ञा असते, एकेका विषयाच्या नोंदी एकत्र करून तिच्या मदतीनं सरासरी काढता येते. त्यानं ती टाइप केली आणि पडद्यावर खांब उभे राहिले. सगळ्यात उंच खांब तिच्या तासाचा. सगळ्यात बुटका माझा.

"एसटीमुळं," मी मागून म्हणालो.

"तेच बघू सर," पोरगा उत्साहात होता. त्याच्या मनात पाप नव्हतं. "फक्त गाड्या वेळेवर आल्त्या तेवढेच दिवस घेऊ." त्यानं एक ओळ वाढवली आणि पुन्हा चालवलं.

माझा खांब किंचित वाढला. होता तिथंच राहिला म्हटलं तरी चालेल. गाड्या वेळेवर येत होत्या, पोरं स्टँडवर उतरत होती आणि माझा तास संपेपर्यंत कॅन्टीनमध्ये चहा पीत बसत होती.

पोराच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा हात माउसवरच राहिला. तेवढ्यात ती पुढं झाली. "पहिला तास कुणाचाही असला तरी हजेरी कमीच असते," ती म्हणाली. "स्टँडपासून कॉलेजपर्यंत चालत यायला वेळ लागतो, तो आपण धरलाच न्हाई. डेटा अपुरा आहे. पुढचा आलेख घ्या." आणि तिनं स्वतःच तो आलेख बंद केला.

तिनं मला वाचवलं. त्याचाच जास्त राग आला. तिनं काही न बोलता तो खांब तसाच राहू दिला असता तर मी तिला मनसोक्त नावं ठेवली असती. आता तेही करता येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये एकटाच बसून मी चालत यायचा वेळ धरून पुन्हा हिशेब मांडला. एवढं मला आता येत होतं. खांब हलला नाही. तिलाही ते माहीत असणार. तिच्यासारख्या पोरीनं न बघता तसं विधान केलं नसतं.

वर्ष संपता संपता तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली. पेढे घेऊन आली, पहिला माझ्या हातावर ठेवला. मी अभिनंदन केलं आणि विचारलं, "खूश ना?"

"खूश कशाची सर," ती म्हणाली. "मला शिकवायचं होतं. इथं कायमची जागा निघाली असती तर घरून ये-जा करून राह्यले असते. पण तासिकेवर किती वर्षं काढायची? तुमचं बरं आहे सर. उद्या याच टेबलावर याल, परवा पण याल."

ती माझ्या टेबलाकडं बघत होती. त्यावर माझा कप होता, जुन्या प्रश्नपत्रिका होत्या, काच होती आणि काचेखाली देवाचा फोटो. असल्या टेबलासाठी कुणी झुरत असेल हे मला कधी सुचलं नव्हतं. तिची कीव यायला हवी होती. थोडी आलीही. पण त्याच वेळी मनात दुसरं चाललं होतं, की ही पुण्याला जाणार, मोठ्या इमारतीत बसणार, आणि पोरं अजून दहा वर्षं मला तिच्या गोष्टी सांगणार.

झालंही तसंच. विषय माझ्याकडं आला. मी तो बऱ्यापैकी शिकवतो, हे मी खोटी नम्रता न धरता सांगेन. मुलं पास होतात, काहींना त्याच्या जोरावर नोकऱ्या लागल्या. पहिला तासही मी बदलून घेतला, तिसरा केला, आणि हजेरी वाढली. किती माझ्यामुळं वाढली आणि किती घड्याळामुळं, ते मी अजून मोजलेलं नाही.

परवा लॅबमध्ये एका मुलीची फाइल उघडेना. अक्षरांच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं. मराठीत नोंदी होत्या. मी बरंच झटलो, पोरं बघत होती. शेवटी बाहेर व्हरांड्यात जाऊन पुण्याला फोन लावला. ती ऑफिसातच होती. "सर, फाइल वाचताना एन्कोडिंग सांगा, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीनं साठवलीत ते," म्हणाली आणि कंसात काय लिहायचं तेही सांगितलं. मग विचारलं, "घरी सगळे बरे आहेत ना? चतुर्थीला राजूरला गेल्ते का?"

आत येऊन मी ते लिहिलं. चौकोनांच्या जागी मराठी अक्षरं आली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"मला न्हाई," मी म्हणालो, "मॅडमना विचारून आलो."

"कोणत्या मॅडम?" नव्या पोरांतल्या एकानं विचारलं. मी सांगण्याआधी मॅडमच्या वर्गात असलेला, नापास होऊन मागं राहिलेला एक पोरगा वळला आणि त्यांना सांगू लागला. गाण्याचं उदाहरण, एसटीचा प्रकल्प, उघडा राहणारा डबा. सगळे त्याच्याकडं खुर्च्या वळवून ऐकत होते. मी उघडलेली फाइल पडद्यावर तशीच होती. मी जरा मोठ्यानंच म्हणालो, "चला, इकडं बघा."