गॅलरीतला पेपर

लालबागच्या आमच्या चाळीत शेजारचे काका रोज सकाळी गॅलरीत उभं राहून पेपर मोठ्याने वाचत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेची बातमी आली की कठड्यावर थाप मारत, आणि अख्खा मजला हातातलं काम टाकून ऐके.

मी एम.ए.ला बसणार, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. शाळेची नोकरी आणि घर सांभाळून जमेल का, या धास्तीपायी परीक्षेचा अर्ज भरूनही माझ्या ट्रंकेतच पडून होता.

एके सकाळी गॅलरी गप्प. बघते तर काका नुसते ओठ हलवत पेपर वाचत होते.

"काका, आज बातम्या नाहीत?"

"हळू बोल गो," ते कुजबुजले, "तुझो अभ्यास चालू असतलो ना!"

खरं सांगायची मला लाज वाटली. शाळेला निघताना अर्ज पिशवीत घातला आणि दुपारी परस्पर देऊन आले.