दोघांच्या मधलं चिन्ह

पाटसच्या स्टँडजवळ ऑनलाइन अर्ज भरून देणारी एक बाई आहे. माझं तिच्याकडे नेहमी जाणं होतं, पण नाव विचारायचं राहूनच गेलं. गिऱ्हाइकाशी ती गोड बोलते, सरकारी साइटला मात्र सटवी म्हणते.

परवा मी तिथं असताना राहू गावचे एक मामा-मामी आले. दोघांनी मिळून फुलांची रोपवाटिका काढली होती, तिची नोंदणी करायची होती. बाईने 'सोपान & शेवंता रोपवाटिका' असं टाइप केलं. पुढच्या पानावर नुसतंच 'सोपान' उमटलं.

"मधलं हे चिन्ह दिसलं की या सटवीला वाटतं, नाव संपलं," बाई म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या, चालतंय तेवढं," मामा म्हणाले. मामी नुसत्याच पडद्याकडं बघत राहिल्या.

बाईने मामींचं नाव आधी टाकलं. आता नुसतंच 'शेवंता' उमटलं.

"आवं, माझं नाव कुठं गेलं?" मामा खुर्चीतून उठलेच.

तिने ते चिन्ह पुसलं, त्या जागी त्याच चिन्हाचा साइटला कळणारा कोड, %26, टाकला आणि 'शेवंता & सोपान रोपवाटिका' असं पूर्ण नाव आलं.

"हे आधी येत न्हवतं व्हय तुम्हाला?" मामांनी विचारलं.

"येत हुतं की," बाई त्यांच्याच बोलीत म्हणाली. "पन तुम्हालाच चालत हुतं नव्हं?"