मामीचे पापड पुन्हा सापडले

किन्हवलीची माझी मामी नाचणीचे पापड विकते. तिची वेबसाइट मीच बनवून दिली होती. पुढे 'साइट शोधात वर आणून देतो' म्हणणाऱ्या एका एजन्सीने साइटमध्ये गावोगावच्या नावांची पानं घुसडली आणि भलत्याच साइटांवरून लिंका विकत आणल्या. सर्च इंजिनने ते स्पॅम ठरवलं आणि साइट शोधात दिसेनाशी झाली.

मामी हिरमुसली. "मी कोनाला फसवलं नाय रे," म्हणाली.

मी लॅपटॉप घेऊन तिच्या ओटीवर बसलो. 'आटगावातील सर्वोत्तम पापड', 'आसनगावातील सर्वोत्तम पापड' अशी पानं वाचून दाखवत एकेक पुसत गेलो. हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आटगावात माझं एक गिऱ्हाईक नाय."

मग ती पीठ कसं उकडते, ते तिने सांगितलं आणि मी तिच्याच शब्दांत लिहिलं. विकतच्या लिंका काढायला लावल्या. झालेलं सगळं सरळ सांगून सर्च इंजिनला फेरतपासणीची विनंती पाठवली.

काही आठवड्यांनी बंदी उठली. साइट पाहून पहिला फोन मुरबाडच्या एका बाईंचा आला. पापड किती हवेत हे विचारायच्या आधी मामीने त्यांना विचारलं, "जेवलात का?"